जर्मन अर्धस्वयंचलित लष्करी रायफली : संग्रह

चाप ओढताच एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जाते, अशा जर्मन सैन्याच्या महायुद्धकालीन रायफलींचा छंद म्हणून केलेला संग्रह. यातल्या सर्वांत दुर्मिळ रायफली बहुधा सर्वांत फसलेल्या आहेत.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने मेक्सिकन लष्करी अधिकारी मान्वेल मोन्द्रागोन याच्या आराखड्याची, स्वित्झर्लंडच्या ‘सिग’ कारखान्यात बनलेली रायफल विकत घेतली. खंदकांतल्या चिखलात ती अडकू लागली, म्हणून वैमानिकांकडे गेली.

1940 मध्ये लष्कराने नव्या रायफलीसाठी तीन अटी घातल्या : यंत्रणा चालवणारा वायू घेण्यासाठी नळीला भोक पाडायचे नाही, झाडताना बाहेरचा कोणताही भाग हलता कामा नये आणि यंत्रणा बिघडल्यास ती हाताने चालवता यावी. माउझर कंपनीने तिन्ही अटी पाळल्या. वाल्थर कंपनीने शेवटच्या दोन गुंडाळून ठेवल्या आणि बाजी मारली. माउझरची ‘गेवेअर 41’ जेमतेम काही हजार बनली. आज संग्राहक तिच्याच शोधात असतात. वाल्थरची ‘41’सुद्धा तोंडाकडे जड होती आणि काजळी धरून अडत असे.

नळीच्या भोकातून वायू घेणाऱ्या सोव्हिएत ‘टोकारेव्ह’ रायफली हाती लागल्यावर भोकाची भीती गेली. 1943 मध्ये ‘गेवेअर 43’ आली. 7.92 मिमी काडतूस, दहा गोळ्यांचे सुटे मॅगझिन. एकूण उत्पादन सुमारे चार लाख.

संग्राहक आधी शिक्के वाचतो. ‘एसी’ म्हणजे वाल्थर, ‘डीयूव्ही’ व पुढे ‘क्यूव्हीई’ म्हणजे ल्युबेकचा कारखाना, ‘बीसीडी’ म्हणजे गुस्टलोफ. गरुडाचा तपासणी-शिक्का आणि सुट्या भागांवरचे जुळणारे क्रमांक किंमत ठरवतात. दुर्बीण मात्र फसवी. ती बसवण्याची पट्टी बहुतेक ‘43’वर असतेच, तेवढ्यावरून रायफल नेमबाजाची ठरत नाही. काहींचा लाकडी दस्ता कापून पुन्हा जोडलेला आढळतो : अमेरिकन सैनिकांनी त्या पिशवीत घालून घरी नेल्याची ही खूण.

जाणकार मूळ ‘43’ क्वचितच झाडतात. तिच्यातला वायूचा दाब गरजेहून जास्त असल्याने भाग तुटतात.

‘गेवेअर 43’च्या उत्पादनासाठी वाल्थरने नॉयेनगामे छळछावणीतल्या कैद्यांना राबवले होते.