अनामिका आणि करंगळी

सैल अंगठी सोनारानें कापावी, थोडें सोनें काढून पुन्हां सांधावी. खर्च काय तो मजुरीचा. परंतु जडावाची अंगठी फार आंवळली तर कोंदणांतील खडे ढिले होतात. १८३८ सालीं इंग्लंडच्या राजघराण्यापुढें हाच पेंच उभा राहिला. चौथ्या विल्यमसाठीं १८३१ सालीं घडविलेली राज्याभिषेकाची अंगठी, नीलावर माणकांचा क्रूस व भोंवतीं हिरे अशी, एकोणीस वर्षांच्या व्हिक्टोरियाच्या नाजूक बोटास बसेल इतकी लहान करतां येईना. म्हणून तशीच दुसरी करविली. पण ती करंगळीच्या मापाची झाली! २८ जून रोजीं वेस्टमिन्स्टरच्या प्रार्थनामंदिरांत मुख्य धर्माध्यक्ष हाउली यांनीं विधीप्रमाणें अनामिकेचाच आग्रह धरला व अंगठी बळेंच रेटली. समारंभानंतर बोट बर्फाच्या पाण्यांत बुडवावें लागलें, असें समकालीन ग्रेव्हिल सांगतो. अंगठी काढतांना भारी वेदना झाल्याचें राणीनेंही रोजनिशींत नमूद केलें. जुनी अंगठी मात्र अभंग राहिली आणि १९०२ पासून १९५३ पर्यंतच्या चारही राज्याभिषेकांत तीच बोटीं चढली. सोनाराच्या मजुरीपेक्षां चुकलेल्या मापाची किंमत ती अशी अधिक पडली.