कार्डावर एस की सी?

स्ट्रेप्टोमायसिनचा क्षयावर खरोखर गुण येतो का, हे पाहायला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७ मध्ये चाचणी घेतली. तिचा अहवाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या ३० ऑक्टोबर १९४८ च्या अंकात आहे. लोक त्यातले आकडे सांगतात. मला रोग्यांची वाटणी कशी केली हे सांगणारा परिच्छेद जास्त बोलका वाटतो.

रोगी तरुण, दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय झालेले. औषध अमेरिकेतून येणार, तेही तुटपुंजं. ते कुणाला मिळणार हे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून आधीच ठरवून ठेवलं होतं. प्रत्येक केंद्राची यादी वेगळी, स्त्री-पुरुषांचीही वेगळी. लिफाफे सीलबंद, वर फक्त रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक. चाचणीच्या समितीने आधी रोगी पसंत करायचा, मगच मध्यवर्ती कचेरीत लिफाफा फोडायचा. आतल्या कार्डावर एस असेल तर इंजेक्शनं आणि विश्रांती, सी असेल तर नुसती विश्रांती. एकाआड एक वाटणी केली असती, तर पुढची पाळी कशाची हे डॉक्टरांना कळलं असतं. मग एखादी खंगलेली पोर समोर आल्यावर तिची पाळी मागेपुढे करण्याचा मोह कुणाला झाला नसता?

एकदा रोगी दाखल झाला की मात्र कोणता उपचार चालू आहे याची डॉक्टरांपासून लपवाछपवी नव्हती. एस गटाला रोज चार इंजेक्शनं. सी गटाला खोटी सुई टोचली नाही. अशा वेळी ‘सुधारणा दिसते’ या शेऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून एक्स-रे तपासणाऱ्या तिघांना फिल्म कोणत्या गटाची हे सांगितलं नाही, आणि प्रत्येकाने आपापलं मत स्वतंत्रपणे नोंदवलं. मृत्यूच्या मोजणीला अशा पडद्याची गरज नव्हती. सी गटातल्यांना मात्र आपण चाचणीत आहोत याचाच पत्ता नव्हता. आजची नीतिसमिती तेवढ्यावरच फाईल परत पाठवेल.

सहा महिन्यांत एस गटातल्या ५५ पैकी ४ दगावले, सी गटातल्या ५२ पैकी १४. एक्स-रेमध्ये भरीव सुधारणा एसमध्ये २८ जणांत, सीमध्ये ४ जणांत. पण अनेकांच्या शरीरातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले, हेही अहवालात स्वच्छ नोंदलं आहे. पाच वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा एस गटातले ३२ आणि सी गटातले ३५ गेलेले होते. तोवर कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनला ‘पास’ (पीएएस) या दुसऱ्या क्षयरोधक औषधाची जोड देऊन दुसरी चाचणी उरकली होती, आणि एकटं स्ट्रेप्टोमायसिन मागे पडलं होतं.