तांब्याच्या पोटातली गोष्ट

धातूतून प्रकाश आरपार जात नाही. म्हणून शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६३-६४च्या सुमारास पोलाद घासून आरशासारखं केलं, त्यावर सौम्य आम्ल लावलं आणि वरून प्रकाश टाकला. सूक्ष्मदर्शकात पोलादाची आतली घडण दिसली!

आता खानदेशात या. गिरणाकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशे. १९५०च्या दशकातल्या उत्खननांत दोन्हीकडे ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. तांब्याच्या वस्तूचा आकार फक्त उपयोग सांगतो. कृती सांगतात आतले कण. ओतीव तांब्यात बहुधा फांद्यांसारखी नक्षी दिसते, ठोकून तापवलेल्यात नवे, सुटसुटीत कण.

म्हणून शेतात जुना तांब्याचा तुकडा सापडला तर मोडीत घालू नका. तो वितळला, की कारागिराचा हात कायमचा पुसला जातो.