एक डॉलर आणि एक ऐकीव कथा : भयकथेच्या चित्रीकरणाविषयी टिपण

भयकथेच्या चित्रपटीय रूपांतराचा विचार करू लागताच अभ्यासकाचे लक्ष मोठ्या निर्मितिसंस्थांकडे जाते. वस्तुतः या रूपांतराची कसोटी अल्पखर्ची लघुपटातच अधिक लागते. १९१० साली एडिसनच्या संस्थेने मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी एका रिळात बसविली. राक्षसाचा जन्म दाखविण्यासाठी एक पुतळा जाळून ते चित्रण उलट फिरविण्यात आले आणि तेवढ्या युक्तीवर प्रसंग उभा राहिला.

१९७७च्या सुमारास स्टीफन किंग यांनी चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना एका डॉलरच्या मोबदल्यात आपल्या लघुकथा चित्रित करण्याची मुभा दिली. कादंबऱ्या तीतून वगळल्या होत्या. संमतीवाचून व्यापारी प्रदर्शन करावयाचे नाही आणि एक प्रत लेखकास धाडावयाची, या मुख्य अटी. (ही योजना २०२३ अखेर बंद झाली.) जेफ शिरो यांचा ‘द बूगीमन’ (१९८२) आणि फ्रँक डॅरबाँट यांचा ‘द वुमन इन द रूम’ (१९८३) हे तिचे आरंभीचे फलित होय. दोन्ही कथा ‘नाइट शिफ्ट’ (१९७८) या संग्रहातील. पहिलीत मानसोपचारतज्ज्ञासमोर मुलांच्या मृत्यूची हकीकत सांगणारा बाप आहे आणि कपाटाचे दार आहे. दुसरीत कर्करोगाने जर्जर झालेली आई आणि तिच्या यातना संपवाव्यात काय या विचाराने ग्रासलेला मुलगा. दुसरीत भूत नाहीच. परंतु दोन्ही कथा मुख्यतः एका खोलीत मावतात, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तीच परवडणारी असते.

मराठीतील प्रवास निराळ्या वाटेने झाला. नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘आजी’ ही कथा किंग यांच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेशी निकटचे नाते सांगते. राही अनिल बर्वे यांनी धारपांची कथा प्रथम वाचली नाही, ऐकली. १९९३ साली, नागझिऱ्याच्या अभयारण्यात, एका मित्राच्या तोंडून. (नालवाडीच्या वाचकास विदर्भातील रानातली रात्र वर्णन करून सांगावयास नको.) पुढे मूळ कथा वाचली तेव्हा ती ऐकलेल्या कथेइतकी भेदक वाटली नाही, असे बर्वे यांनी सांगितले आहे. १९९७ साली त्यांनी पहिला मसुदा लिहिला. ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, आणि नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून.

‘तुंबाड’ लघुपट नव्हे, स्वस्तही नव्हे. तथापि त्याच्या पहिल्या खंडातील साखळदंडांनी बांधलेली वृद्धा आणि तिच्यासमोर एकटा सापडलेला मुलगा एवढा भाग वेगळा काढला, तर तो डॉलरच्या करारातील लघुपटांच्या पंगतीस सहज बसतो. मग या भागाचे मूळ कोणते मानावे? किंग व धारप यांची नावे घेऊन आपण थांबतो. माझ्या मते नागझिऱ्यातील ते कथन हाही एक पाठ आहे, आणि त्याची लिखित संहिता नाही म्हणून तो रूपांतराच्या वंशावळीतून गाळता येणार नाही.