लोणच्याच्या बरणीचं कूळ

नागपुरात इतवारीच्या भांड्यांच्या बाजारात मान पितळेचा. पितळी भांड्यांसाठी नावाजलेला भंडारा इथून जेमतेम साठेक किलोमीटर. पण कैरीचं लोणचं पितळेत घातलं की कळकतं, आणि कुंभाराच्या मडक्यात घातलं की खार नि तेल अंगातून पाझरतं. वर तपकिरी, खाली पांढुरकी अशी चिनी मातीची जड बरणी विकली जाते ती या अडचणीमुळे. तिच्यात चीनची माती चिमूटभरही नसते. चीनकडून आला तो ताव.

साध्या कुंभारी भट्टीचा ताव ८००-९०० अंशांच्या आसपास थांबतो. माती भाजून निघते, पण अंगातली छिद्रं राहतात. माठातलं पाणी गार होतं ते त्यांच्याच कृपेने. १२०० अंशांच्या पुढेमागे योग्य माती स्वतःच वितळू लागते, कण एकमेकांना धरतात, छिद्रं बुजतात. चिनी कुंभारांनी हा ताव सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीत गाठला. भट्टीत उडणारी लाकडाची राख भांड्यांवर बसून वितळायची आणि काचेसारखी चकाकायची. झिलई आधी अशी आयती मिळाली. मुद्दाम लावणं नंतरचं. पुढे चीनमधल्याच जिंगडेजनमध्ये काओलिन मातीची पांढरीशुभ्र भांडी घडली आणि युरोपातले राजे त्यांच्यापायी वेडे झाले. पण ते घराणं कपबशीचं. बरणी त्याच्या रांगड्या भावकीतली.

ही भावकी जहाजांवर फिरली. झिलईचे मोठे रांजण ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून हिंदी महासागरभर जात. हिंदीत बरणीला मर्तबान म्हणतात ते या बंदरावरून. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता सांगतो, की एका राजकन्येने त्याला असे चार मर्तबान भरून दिले. आत काय? आलं, मिरी, लिंबू आणि आंबा, समुद्रप्रवासासाठी खारवलेले. म्हणजे लोणचंच की!

दोन रंगांचा पोशाख मात्र विलायती. १८३५च्या सुमारास ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेलने शिसं नसलेली नवी झिलई काढली. भांड्याचा वरचा भाग तपकिरी झिलईत बुडवायचा, खालचा फिकट झिलईत. शिशाच्या झिलईतून आंबट पदार्थात शिसं उतरतं, तेव्हा ही सुधारणा निव्वळ दिसण्यापुरती नव्हती.

मुंबईची रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. असला वजनदार, ठिसूळ माल लांबून आणायला बैलगाडीपेक्षा वाघीण केव्हाही बरी. पुढे बरण्या देशातच होऊ लागल्या: उत्तरेत खुर्जाला, सौराष्ट्रात थानला. थानचा हा धंदा उभा केला परशुराम गणपुले या मराठी माणसाने, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. विदर्भापुरतं बोलायचं तर चंद्रपूर जिल्ह्यात माती आणि कोळसा दोन्ही होते. तिथे भद्रावतीला गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५०च्या दशकात ग्रामोदय संघ सुरू केला. मडकी घडवणारे कुंभार तिथे झिलई आणि चढ्या तावाच्या भट्ट्या शिकले.

आता काचेने आणि प्लास्टिकने बरणीचं बरंच गिऱ्हाईक पळवलं आहे. जे उरलंय ते बरणी पारखून घेतं: दादरा बांधायला कंगोरा नीट आहे ना पाहायचं, मग पोटावर टिचकी मारायची. टणटणीत वाजली तर ताव पुरता बसलाय. भद्द वाजली तर तडा आहे, दुसरी काढायला सांगायचं.