मिरचीच्या कुळाचा दाखला

तुमसर हा कसबा भाताचा. वैनगंगेच्या खोऱ्यात आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिकलेले धान येथील गिरण्यांत उतरावे, त्याचा तांदूळ व्हावा, आणि नागपूरहून निघून १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचलेल्या व पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेच्या ताब्यात गेलेल्या लोहमार्गाने तो दूरच्या पेठांकडे रवाना व्हावा, हा या गावाचा शतकाहून अधिक काळचा क्रम आहे; चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींची त्यात भर पडली, तरी गावाची पत तांदळावरच राहिली. ज्या मुलखात धानाचा दाणा तळहातावर घेऊन जाणता शेतकरी त्याचे वाण, त्याची मुदत आणि त्याला मानवणारी बांधी विनासायास सांगतो, त्याच मुलखात मिरचीची ओळख मात्र दोन-तीन शब्दांत आटोपते: भिवापुरी, लवंगी आणि अलीकडे हायब्रीड. पहिला शब्द पेठेचा, दुसरा आकाराचा, तिसरा बियाणे विकणाऱ्याचा; वनस्पतीच्या कुळाचा पत्ता यांतल्या एकातही नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हावी आणि पिकाच्या बापजाद्यांची मात्र कोठेच होऊ नये, असा हा कारभार आहे.

मिरची आपली नव्हे, ही गोष्ट आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते, परंतु तिचा अर्थ पुरता कोणी लक्षात घेत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर ज्या भंडाऱ्यात राहत होते, तेथील स्वयंपाकघरात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि सुंठीचा. आणि त्यानंतर तीनशे वर्षांनी अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील जिन्नसांची बारकाईने मोजदाद केली, तेव्हाही त्यात काळी मिरी आली, लाल मिरची आली नाही. १४९३ च्या जानेवारीत कोलंबसाने आपल्या रोजनिशीत त्या नव्या बेटांवरच्या तिखट फळाची नोंद केली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतले. आणि पुढे हे फळ घाटावर चढून दख्खनच्या शेतांत रुजले. तिकडे लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने १५४२ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याचे चित्र छापताना त्याला चक्क कालिकतचे मिरे म्हटले. अमेरिकेतून आलेली वनस्पती हिंदुस्थानची ठरवण्यात अर्धे शतकही लागले नाही. मिरचीच्या बाबतीत ओळखीचा घोटाळा आपल्याकडच्या अडत्यांनी सुरू केलेला नाही. तो मोठ्या पंडितांच्या दप्तरातून आलेला आहे.

त्या दप्तराचा पुढचा इतिहास तर एखाद्या जुन्या वतनाच्या तंट्यासारखा आहे. लिनेअसने १७५३ मध्ये मिरचीच्या दोन जाती मानल्या: वर्षभर जगणारी ती ॲन्युअम आणि झुडूप होऊन टिकणारी ती फ्रूटेसेन्स. हा निकष युरोपातल्या हिमात खरा असेल. वैनगंगेकाठच्या परसात पाणी आणि सावली मिळाली तर तथाकथित वर्षायू मिरची दोन-तीन वर्षे सहज उभी राहते आणि तिचे खोड बोटाएवढे जाड होते. १७७६ मध्ये जॅक्विनने तिसऱ्या एका जातीला ‘चायनेन्स’, म्हणजे चीनची, असे नाव दिले. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे आणि चीनशी तिचा काही संबंध नाही, तरी नामकरणाचे नियम असे की पहिला दाखला चुकीचा असला तरी तोच कायम. आपल्याकडे विल्यम रॉक्सबर्गने बारीक, उभ्या फळांच्या मिरचीला ‘कॅप्सिकम मिनिमम’ म्हणून स्वतंत्र जागा दिली; बंगालात हिला ‘धानी लंका’ म्हणतात, म्हणजे धानाच्या दाण्याएवढी मिरची, आणि तुमसरच्या वाचकाला हे नाव आवडल्यावाचून राहणार नाही. पुढे तीही फ्रूटेसेन्समध्ये विलीन झाली. १८९८ मध्ये आयरिश या अमेरिकन पंडिताने पुन्हा दोनच जाती ठेवल्या, १९२३ मध्ये बेलीने सर्वांची मिळून एकच केली, आणि अखेर १९५१ पासून पॉल स्मिथ व चार्ल्स हायझर यांनी प्रत्यक्ष संकर करून, कोणाचे बीज कोणाशी जुळते आणि संतती फळ धरते की नाही हे पाहून, लागवडीतल्या जातींची वाटणी पुन्हा केली. आज लागवडीत पाच जाती मानतात. रानटी धरून एकूण त्रेचाळीस, असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रबंधाचा निर्णय आहे. त्या त्रेचाळिसांतली एकही मूळची हिंदुस्थानची नाही.

मग बांधावर, विहिरीच्या कडेला, जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीत कोणी न लावता उगवते ती बारीक मिरची कोणती? लोक तिला रानमिरची म्हणतात आणि तिच्या तिखटपणाविषयी आदराने बोलतात. तिची फळे आभाळाकडे तोंड करून असतात, पिकल्यावर मऊ होतात आणि बोट लागताच देठातून सुटतात. आणि हीच तीन लक्षणे खऱ्या रानटी मिरचीची आहेत, कारण अशा मिरचीचा सगळा संसार पक्ष्यांवर चालतो. मिरचीतील दाहक द्रव्य पक्ष्यांना जाणवतच नाही, उंदरासारख्या प्राण्यांना मात्र ते असह्य होते. पक्ष्याच्या पोटातून बी अखंड बाहेर पडते, प्राण्याच्या दातांखाली त्याचा चुरा होतो. ट्यूक्सबरी आणि नभान या दोघांनी २००१ मध्ये अॅरिझोनातील रानमिरचीवर हे प्रयोगाने दाखवून दिले. माणसाने शतकानुशतके निवड केली ती नेमकी याच्या उलट: फळ पानांखाली लोंबावे म्हणजे पाखरांच्या दृष्टीस पडू नये, मोठे व्हावे, आणि तोडीपर्यंत झाडावर घट्ट राहावे. तेव्हा तुमसरच्या बांधावरची ती मिरची बुलबुलाने पेरलेली आहे हे खरे, परंतु ती रानातून आलेली नाही. बागेतून पळालेली आहे. बहुधा ती फ्रूटेसेन्स असते, कधी ॲन्युअमचा एखादा बारीक प्रकार असतो. दोघींना बाजारात लवंगी म्हणून एकाच पोत्यात भरतात.

खरी रानटी मिरची पाहायची तर अमेरिका खंडांत, बोलिव्हियासारख्या मुलखांत जावे लागेल. बोलिव्हियाच्या कोरड्या प्रदेशात चाकोएन्स नावाची जी जात आहे, तिच्यात एकाच रानात काही झाडे तिखट आणि काही अगदी सपक निघतात. किडीने टोचलेल्या फळात बुरशी शिरण्याचे भय जेथे अधिक तेथे तिखट झाडांचे प्रमाण अधिक, असे संशोधकांना आढळले, म्हणजे तिखटपणा हे मूळचे बुरशीविरुद्धचे हत्यार. तेथल्याच डोंगरात घंटेच्या आकाराची निळसर-जांभळी फुले येणारी कार्डेनासी ही जात आहे. हायझर व स्मिथ यांनी १९५८ मध्ये तिचे वर्णन करून मार्तिन कार्डेनास या बोलिव्हियन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले. तिचे एकटे झाड स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्याला वेगळ्या रोपाची सोबत लागते. हौसेने एकच बी लावणारा मनुष्य म्हणून वर्षभर फुले पाहून थकतो. विदर्भात असल्या जाती वाढवू पाहणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की रानटी बियाणे आपल्या ज्वाला वाणासारखे आठवड्या-दीड आठवड्यात वर येत नाही. गादीवाफा उबदार आणि ओलसर ठेवून कित्येक आठवडे वाट पाहावी लागते, थंड डोंगरातली जात वैशाखाच्या उन्हात फुले गाळून टाकते, आणि एवढ्यातून रोप वाचलेच तर पांढरी माशी चुरडा-मुरडा घेऊन हजर असते.

ओळखीचे काम फळावरून होत नाही, हा या सगळ्या इतिहासाचा निष्कर्ष. एकाच ॲन्युअम जातीत ढोबळी मिरची येते आणि ज्वालाही येते. आकार, रंग, तिखटपणा हे सारे माणसाच्या निवडीने वितळून गेलेले गुण. कुळाचा दाखला फुलात आणि देठात असतो. सकाळी फूल नुकते उमलले असता, परागकोश फुटण्याच्या आधी, फांदीचा एक पेर नीट पाहावा. पेरावर एकच फूल, पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या आणि परागकोश निळसर, तर ती ॲन्युअम. पाकळ्यांवर हिरवट झाक, देठ सरळ वर आणि फूल तेवढे मान वाकवून, तर फ्रूटेसेन्स. पाकळीच्या बुडाशी पिवळे-हिरवे ठिपके दिसले तर बॅकॅटम. फूल जांभळे, पाने लवयुक्त आणि आत काळे बी, तर प्युबेसेन्स. ही थंड डोंगरातली असल्यामुळे आपल्याकडे भेटणे कठीण. आणि एका पेरावर दोन किंवा अधिक फुले असून फळ धरल्यावर देठ आणि संदल (फळावरची हिरवी टोपी) यांच्या सांध्यावर दोरा आवळल्यासारखी खाच दिसली, तर ती चायनेन्स. ईशान्येकडील भूत जोलोकियाचा निवाडा या कसोटीने व्हायचा होता. आधी तिला फ्रूटेसेन्स म्हणून नोंदवले गेले, पुढे अनुवंशशास्त्रीय तपासणीत ती मुख्यतः चायनेन्स, फ्रूटेसेन्सचे थोडे रक्त मिसळलेली, असे ठरले. २००७ मध्ये दहा लाखांहून अधिक स्कोव्हिल एकके भरून ती जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गाजली. परंतु तो आकडा तिखटाचा, कुळाचा नव्हे.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वळावे. पवनी आणि त्यालगतचे नागपूर जिल्ह्यातील भिवापूर ही मिरचीची पेठ. गर्द लाल रंगाच्या भिवापुरीला २०१६ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले. येथील सातऱ्यांवर, म्हणजे मोकळ्या मैदानात, मिरचीचे तांबडे गालिचे पसरलेले असतात आणि नाकातोंडाला पदर घट्ट बांधलेल्या स्त्रिया ओळीने बसून एकेक मिरचीचा देठ खुडत असतात. मजुरी खुडलेल्या मालाच्या वजनावर, ठसका मात्र बिनमोबदला. त्या हातांचे कौशल्य मोठे आहे, मिरची न फोडता देठ संदलासकट निघावा लागतो. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर व्यापार येथे नेमका कुळाचा दाखलाच खुडून टाकतो. फूल शेतातच गळून गेलेले, देठ आणि संदल सातऱ्यावर पडलेले. पोत्यात उरते ते निव्वळ लाल साल आणि मिसळलेले बी. त्या पोत्यावर भिवापुरी असे लिहिले की ती भिवापुरी.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. मिरची स्वपरागित मानली जाते, परंतु मधमाश्यांनी तो नियम कधी पाळला नाही. शेजारच्या शेतात संकरित वाण फुलत असता जुन्या वाणाचे बी त्याच धुऱ्यावर धरले तर तीन-चार पिढ्यांत जुने काय उरले हे सांगणे कठीण होते. संकरित वाणांपुढे भिवापुरीचे क्षेत्र घटत गेले, आणि जे उरले त्यातले शुद्ध किती हा प्रश्न मानांकनाच्या प्रमाणपत्राने सुटत नाही. मानांकन नावाचे रक्षण करते. बियाण्याचे रक्षण ज्याचे त्यालाच करावे लागते. हा उपाय खर्चाचा नाही: निवडलेल्या झाडाच्या फांदीवर कळी उमलण्यापूर्वी मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरले की पिशवी काढून तेथे रंगीत दोरा बांधावा, आणि बी त्या दोऱ्याच्या फळांचेच ठेवावे. स्वतःच्या परागाने फळ धरणारी दुर्मीळ रानटी जात वाढवणाऱ्यालाही हाच नियम लागू. कारण तिच्या शेजारी ज्वाला फुललेली असली तर पुढल्या वर्षी उगवेल ते रोप कोणाचे, याची खात्री देता येत नाही.

राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही तेथेच आहे. तुमसर, मोहाडी, पवनी या भागांत ज्यांच्या घरी आजीच्या काळापासूनचे मिरचीचे बी मडक्यात राखेत ठेवलेले असेल, किंवा ज्यांच्या बांधावर ती उभ्या फळांची बारीक मिरची आपोआप येत असेल, त्यांनी तिला रानटी किंवा दुर्मीळ म्हणण्यापूर्वी एक सकाळ तिच्या फुलाला द्यावी: पेरावर फुले किती, पाकळीचा रंग कोणता, देठ वर की खाली, सांध्यावर खाच आहे की नाही, एवढे कागदावर लिहावे, गावाचे आणि शेताचे नाव घालावे, आणि त्या कागदासह मूठभर बी अकोल्याला पाठवून द्यावे.