जादा मृत्यूंची कुळकथा

कोरोनाच्या काळात ‘जादा मृत्यू’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळले. एरवी आठवड्याला किती माणसं जातात आणि साथीच्या आठवड्यात किती गेली, एवढीच ती वजाबाकी. ती पहिल्यांदा मांडून दाखवली लंडनमधल्या एका फिती-बटणांच्या व्यापाऱ्याने, १६६२ साली. त्याचं नाव जॉन ग्राँट.

त्याच्या हाती होती मृत्यूंची साप्ताहिक पत्रकं. लंडनमध्ये ती १६०३ पासून अखंड निघत होती. कुणी गेलं, चर्चची घंटा वाजली किंवा थडगं खणायला सांगितलं, की तिथल्या पॅरिशने, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीने, नेमलेल्या, शपथ घेतलेल्या म्हाताऱ्या बायका त्या घरी जात. त्या बहुधा गरीब असत. प्रेत पाहायचं, घरच्यांना विचारायचं आणि माणूस कशाने गेला ते ठरवायचं, हे त्यांचं काम. ते कारण पॅरिशच्या कारकुनाला कळवलं जाई. मंगळवारी रात्री सगळे कारकून आपापले आकडे मुख्य कचेरीत देत, बुधवारी छपाई होई आणि गुरुवारी पत्रक घरोघरी पोचे. वर्गणी वर्षाला चार शिलिंग. प्लेगचा आकडा चढू लागला की श्रीमंत मंडळी गाव सोडायच्या तयारीला लागत.

पण या आकड्यांवर विसंबायचं कसं? प्लेग निघाला की घराला बाहेरून कुलूप लागे, दारावर तांबडा क्रूस रंगवला जाई आणि धडधाकट माणसंही रोग्यासकट आत कोंडली जात. अशा वेळी कोण खरं सांगेल? पुण्यात १८९७ साली प्लेगच्या साथीत सोजिरांनी घरांची झडती घ्यायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवली, तीही याच धास्तीने. मला त्यांना दोष देववत नाही. गरमीने (उपदंशाने) गेलेल्या माणसाच्या नावापुढे क्षय लिहिला जातो, त्यासाठी म्हाताऱ्यांना बिअर आणि दुप्पट पैसे मिळतात, हे ग्राँटने स्वच्छ लिहून ठेवलं आहे.

त्याची खरी बुद्धी दिसते ती पुढे. त्याने १६२५ सालची पत्रकं काढली. त्या वर्षी एकूण ५४,२६५ माणसं पुरली गेली. त्यांतली प्लेगच्या खाती ३५,४१७, म्हणजे इतर कारणांनी १८,८४८. आता आधीची-नंतरची वर्षं बघा, ग्राँटच्या हिशेबाने इतर कारणांनी मरणारे सात-आठ हजारांच्या वर जात नाहीत. मग त्याच वर्षी बाकीचे सगळे रोग एकदम अडीचपट कसे माजले? हे वरचे अकरा हजारही प्लेगचेच, असा निकाल त्याने दिला. प्लेगने मेलेल्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा दुसऱ्याच नावाखाली दडला होता. घरच्यांना रोगाचं नाव लपवता आलं, प्रेत लपवता आलं नाही. ग्राँटने प्रेतं मोजली.

पुढे १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि १८३९ साली विल्यम फार त्या नोंदणी कचेरीत आकडेवारीच्या कामाला आला. १८४७ च्या फ्लूच्या साथीत त्याने हीच वजाबाकी लंडनला लावली. दाखल्यांवर फ्लूच्या नावाने नोंदलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं दगावली होती. कॉलऱ्याचं मूळ पाण्यात शोधणाऱ्या जॉन स्नोला मृतांचे पत्ते मिळाले तेही याच कचेरीतून.

१७ एप्रिल २०२० ला संपलेल्या आठवड्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये २२,३५१ मृत्यू नोंदले गेले. आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ११,८५४ जास्त. दाखल्यावर कोविडचा उल्लेख मात्र ८,७५८ जणांच्याच. म्हणजे जादा मृत्यूंपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक पुन्हा दुसऱ्या नावाखाली. यातले सगळेच कोविडचे म्हणता येणार नाहीत, दवाखान्यात जायच्या भीतीने घरीच राहून दुसऱ्या आजाराने गेलेलेही त्यांत असणार. पण तेव्हा चाचण्या तुटपुंज्या होत्या, वृद्धाश्रमांतली कितीतरी माणसं चाचणीविनाच गेली. म्हणून ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर आठवड्याला कोविडच्या आकड्याशेजारी एकूण मृत्यूंचा आणि पाच वर्षांच्या सरासरीचाही आकडा छापत राहिलं.